फितीचं दुसरं टोक

१

कुठलंही माप दोनदा घेतल्याशिवाय चिंतामणीला चैन पडत नसे. बाजारातून दुधी आणला तरी हा माणूस आधी त्याला वीत लावून बघतो, अशी त्याची बायको अनसूया शेजारणींत थट्टा करायची. जबलपूरच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात तो अकरा वर्षं ड्राफ्ट्समन होता. एवढ्या वर्षांत आकडा चुकला म्हणून त्याचा एकही नकाशा वर्कशॉपमधून परत आला नव्हता. या गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता, पण तो कधी बोलून दाखवत नसे.

त्रेचाळीस सालचा जानेवारी होता. लढाईपायी कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदा वाजत होता, आणि घराघरातल्या खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले होते. डिसेंबरात कलकत्त्यावर बॉम्ब पडल्यापासून एकच चिंता वरपासून खालपर्यंत सगळ्यांना लागली होती. सगळा माल एका आवारात ठेवायचा कसा?

हेड ड्राफ्ट्समन मोघे साहेबांनी त्याला एके सकाळी बोलावून घेतलं.

"चिंतामणराव, कुंडमकडे डोंगरात गुहा आहेत. आदिमानवाची चित्रंबित्रं आहेत म्हणे त्यात. आपले साहेब शिकारीला गेले होते, त्यांनी पाहिल्या. माल ठेवायला चालतील का, मोजून या. मोठी गुहा आत निदान चाळीस फूट पाहिजे. कमी भरली तर विषय संपला."

बरोबर बापू खलाशी जाणार होता. मोजणीत फितीचं दुसरं टोक धरतो तो खलाशी. बापू मूळचा भंडाऱ्याकडचा, पन्नाशीचा, हाडापेराने बारीक. पोलादी फीत कशी हाताळावी ते त्याच्याकडून शिकावं. फीत जमिनीवरून ओढली की पिळते, म्हणून मोजून झाल्यावर तो टोक सोडून देत नसे. ते कमरेशी धरून फीत गुंडाळणाऱ्याकडे सावकाश चालत येई.

२

पहाटेच्या लॉरीने कुंडम, तिथून बैलगाडी. गाडीवाल्याने त्यांना जंगल खात्याच्या रिकाम्या चौकीवर उतरवलं, तिसऱ्या दिवशी दुपारी येतो म्हणाला आणि निघून गेला. चौकीपासून अर्ध्या तासाच्या चढणीवर ती गुहा होती.

खरं तर गुहा कसली, डोंगराच्या पोटात पडलेली एक रुंद कपार. दहा वाजले होते आणि ऊन तोंडातून चांगलं आतपर्यंत गेलं होतं. जमीन कोरडी, छत उंच. कुठे वटवाघूळ नाही, की शेळ्यामेंढ्यांची लेंडी नाही. चिंतामणीला ती जागा पाहताक्षणी कामाची वाटली.

चित्रं मागच्या भिंतीवर होती. गेरूच्या रंगात काढलेली हरणं, त्यांच्या पोटात उभ्याआडव्या रेघा, धनुष्य ताणलेली काडीसारखी माणसं. त्यांच्या खाली कमरेएवढ्या उंचीवर सात माणसांची एक रांग होती. हात पुढेमागे पसरून ती नाचत असावीत. किती हजार वर्षांपूर्वी कुणी काढली असतील? चिंतामणीने रांगेची नक्कल वहीत उतरवून घेतली. मग दोघे कामाला लागले.

बापू फितीची कडी घेऊन मागच्या भिंतीशी गेला. चिंतामणी तोंडाशी बसला.

"धरलं!" बापू ओरडला.

"एकतीस फूट चार इंच."

"एकतीस फूट चार इंच!" बापूने नेहमीसारखा आकडा परत म्हटला. ऐकण्यात चूक नको म्हणून तशी त्यांची पद्धतच होती.

चिंतामणीने आकडा लिहिला आणि वैतागून मोठ्याने म्हणाला, "चाळीस पाहिजे होते रे. नऊ फूट कमी पडून राहिले. संपलं."

बोलल्यावर त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. एवढी कोरडी, पोकळ जागा, पण आवाज घुमला नव्हता. शब्द आत गेले आणि आतच राहिले. दगड भुसभुशीत असेल, असं त्याने ठरवून टाकलं.

३

दुसऱ्या दिवशी गुहेत जायचं कारण नव्हतं. पण माप एकदाच घेतलेलं होतं, आणि तेवढ्यामुळे चिंतामणीला रात्री धड झोप आली नव्हती. सकाळी चहा झाला आणि दोघे पुन्हा वर गेले.

"धरलं!"

चिंतामणीने फीत पाहिली. चष्मा पुसला. पुन्हा पाहिली.

"बापू, कडी भिंतीला टेकवली ना?"

"टेकवली ना बाबूजी. काहून?"

"पस्तीस येऊन राहिले."

बापू बाहेर आला. दोघांनी मिळून फीत उलगडून सबंध तपासली. कुठे पीळ नव्हता, मोड नव्हती. काल तोंडाशी जिथे फीत टेकवली होती, तिथे चिंतामणीने खडूने फुली मारलेली होती. ती जागच्या जागी होती. मग त्याने बॅटरी घेतली आणि मागच्या भिंतीवर बापूने केलेली खूण पाहिली. तीही होती, रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हाताशेजारी. दोन खुणा कालच्याच, आणि त्यांच्यामधली जमीन जवळजवळ पावणेचार फूट वाढलेली.

जमीन वाढत नाही. मग चूक त्याचीच होती. काल आकडा वाचताना घाई झाली असेल, ऊन डोळ्यांवर असेल. अकरा वर्षांत पहिली चूक, आणि तीही या जंगलात, कुणाला कळणारही नाही अशा जागी. असं म्हटल्यावर त्याला थोडं बरं वाटलं.

जाता जाता त्याने रांगेवर बॅटरी धरली आणि कालची नक्कल ताडून पाहिली. माणसं सातच होती. पण ती नाचत नव्हती. प्रत्येकाच्या मुठीतून एक बारीक रेघ गेली होती, पहिल्यापासून सातव्यापर्यंत, आणि सातव्याच्या पुढे ती भिंतीतल्या एका भेगेत शिरली होती. दोरी धरून ओळीने उभी राहिलेली माणसं होती ती. रेघ इतकी सरळ होती, की पट्टी लावूनही त्याला स्वतःला याहून सरळ काढता आली नसती.

वहीतल्या चित्रात रेघ नव्हती. काल दिसली कशी नाही?

"बाबूजी, चला," बापू तोंडाशी उभा राहून म्हणाला. "मले इथं कान भरल्यासारखे होऊन राहिले."

४

तिसऱ्या दिवशी गाडी दुपारी यायची होती. सकाळी चिंतामणी म्हणाला, "शेवटचं एकदा. आधीच्या दोन मापांतलं ज्याच्याशी जुळेल ते लिहू."

बापू कडी घेऊन आत गेला. चिंतामणी तोंडाशी पाठमोरा बसून पेन्सिलीला टोक करत होता. टोक झालं तशी त्याने फीत हातात घेतली.

"बापू, धरलं का?"

"धरलं!"

फीत ताणली गेली. चांगली, एकसारखी, नवशिक्याला कधी जमत नाही तशी. चिंतामणीने वाकून पाहिलं. फुलीवर चाळीसचा आकडा होता. एक सूतही इकडेतिकडे नाही.

"चाळीस फूट," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच खोल गेल्यासारखा वाटला.

"चाळीस फूट!" आतून आलं.

त्याने लिहायला वही उघडली, आणि खालच्या बाजूला कुणीतरी खोकलं. नाल्याकडून येणाऱ्या पायवाटेवर बापू होता. हातात पाण्याचा तांब्या, खांद्यावर पंचा.

"तू..." चिंतामणी अर्धवट उठला.

"कडी भिंतीपाशी ठेवली ना मी, अन् पाणी प्यायले गेलो. सांगून गेलो तुम्हाले. तुम्ही हूं म्हटलं."

म्हटलंही असेल. पेन्सिल करताना तो कशालाही हूं म्हणायचा. पण फीत अजून ताणलेली होती. तोंडापासून आतल्या काळोखापर्यंत सरळ, कमरेच्या उंचीवर.

बापूने फितीकडे पाहिलं. तांब्या त्याने हळूच खाली ठेवला.

"मंग धरून कोण राहिलं जी?" त्याने कुजबुजत विचारलं.

दगडात कुठे अडकली असेल, एवढा एकच विचार चिंतामणीने धरून ठेवला. अडकलेली वस्तू सोड म्हटल्याने सुटत नाही, हेही त्याला कळत होतं. तरी त्याच्या तोंडून गेलं, "सोड."

फीत सैल झाली. पण पडली नाही. तो सवयीने हँडल फिरवू लागला आणि फीत येऊ लागली. पस्तीस, तीस, पंचवीस. ती जमिनीवरून घासत येत नव्हती. कमरेशी धरून, बेताने सैल ठेवून, कुणीतरी तिच्याबरोबर चालत येत होतं. पावलांचा आवाज नव्हता. पोलादाची तेवढी बारीक कुरकुर ऐकू येत होती.

उजेड आज दहा फुटांवरच संपत होता. तिथे येईपर्यंत चिंतामणीचा हात आपोआप फिरत राहिला आणि मग थांबला. फीतही थांबली. तिचं टोक सावलीत होतं. मधे थोडा झोळ पडलेला, आणि चिंतामणी पुढे गुंडाळेल म्हणून पलीकडे कुणीतरी वाट बघत असल्यासारखी ती हलत होती.

बापूने त्याचा दंड धरला. चिंतामणीच्या हातून फितीचं घर खाली पडलं. दोघे भर उन्हात डोंगर उतरून चौकीपर्यंत पळत आले.

५

रिपोर्टात त्याने पहिलं माप लिहिलं. एकतीस फूट चार इंच, जागा निरुपयोगी. फीत नाल्यात पडली असं सांगितलं. अनसूयेलाही त्याने दुसरं काही सांगितलं नाही.

पण साहेबांच्या मनात ती जागा भरली होती. मोघ्यांनी फेरमोजणीला हेमचंद्राला पाठवायचं ठरवलं. हेमचंद्र ड्रॉइंग ऑफिसात चिंतामणीच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. हसतमुख माणूस. त्याला नुकतीच मुलगी झाली होती आणि तिच्या बारशाचे पेढे त्याने ऑफिसभर वाटले होते.

डबा खाताना चिंतामणी त्याला म्हणाला, "दोन माणसं ने बरोबर. आणि किती फूट पाहिजे ते तिथं मोठ्यानं बोलू नको."

"काहून? गुहा लाजते काय?" हेमचंद्र हसला.

गुरुवारी तो परत आला आणि चिंतामणीच्या टेबलावर त्याने ती हरवलेली फीत ठेवली. पुसून लख्ख केलेली, एकही पीळ न पडता गुंडाळलेली.

"नाल्यात कुठं पडली होती? तुमच्या माणसानं सांभाळून ठेवली होती ना."

"कोणता माणूस?"

"तुम्ही तिथं ठेवून आले तो. माझा खलाशी तापानं कुंडमलाच पडला. मी एकटाच वर गेलो तर आतून आवाज आला, धरू का म्हणून. अच्छा झालं म्हटलं. दिवसभर त्यानंच टोक धरलं. आपल्या बापूसारखंच बोलून राहिला होता अगदी. मला वाटलं त्याचा भाऊबिऊ असेल."

"किती भरली?"

"चाळीस. तुम्ही एकतीस कशी लिहिली, देव जाणे. तो तर मलाच विचारत होता, किती पाहिजे म्हणून. मी आपलं गमतीत म्हटलं, साठ असती तर साहेब खूश झाले असते. तर म्हणतो, सोमवारपर्यंत करून ठेवतो."

चिंतामणीने फीत बोटाच्या टोकाने टेबलाच्या कडेला सरकवली.

"दिसायला कसा होता?"

"दिसायला..." हेमचंद्र सांगायला लागला आणि थांबला. "तो आत होता ना. बॅटरी माझ्याजवळ होती. पण मी..." त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. "काहून पाहिलं नाही मी त्याच्याकडे?"

चिंतामणी तसाच उठून मोघ्यांकडे गेला. त्याने सगळं सांगितलं. तीन मापं, तीन आकडे, बापू, फीत. मोघे साहेब ऐकत राहिले आणि शेवटी चष्मा काढून म्हणाले, "दोन पाळ्या करून तुमचं डोकं थकलंय. हुकूम निघालाय. सोमवारी हेमचंद्र बारा माणसं घेऊन जाईल. आत साफसफाई करून ते तिथेच मुक्काम करतील. बापूला रखवालदार म्हणून ठेवायचंय. आता यात काही बदलणार नाही."

बापूलाही हे कळलं. संध्याकाळी सायकल हातात धरून तो फाटकाबाहेर चिंतामणीची वाट पाहत उभा होता.

"बाबूजी, माझी नोकरी जाईल नाही म्हटलं तर. पण त्यानं माझा आवाज घेतला ना जी. आता तिथं मी काय घेऊन जाऊ?"

६

रविवारी सकाळी चिंतामणी एकटाच लॉरीत बसला. भेडाघाटला एका मित्राकडे जातो, असं त्याने अनसूयेला सांगितलं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, डबा बांधून दिला आणि विचारलं, "ठीक आहे ना सगळं?" तो हो म्हणाला.

तो गुहेच्या तोंडाशी पोचला तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. ऊन डोक्यावर आलं होतं, म्हणून आतला काळोख जास्तच दाट वाटत होता. खडूची फुली होती. मागची भिंत दिसत नव्हती. बॅटरीचा झोत जाऊन जाऊन विरत होता.

आपण इथे कशाला आलो, हे त्याला तोवर नीट ठाऊक नव्हतं. बारा माणसं आणि बापू उद्या इथे झोपतील, एवढंच डोक्यात होतं.

"किती पाहिजे?" आतून बापूच्या आवाजात विचारलं गेलं. दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो तसं, आपुलकीने.

चिंतामणीने दगडाला हात टेकला.

"काही नको," तो म्हणाला.

"साठ होतच आले ना जी. थोडंच राहिलं."

"साठ नको. चाळीस नको. काहीच नको. कोणी येणार नाही इथं. बंद कर."

त्याची बॅटरी मिणमिणू लागली म्हणून त्याने ती तळहातावर आपटली, आणि उजेड क्षणभर मोठा झाला. उजेडाच्या अगदी कडेला, कमरेच्या उंचीवर, एक हात होता. मनगटापर्यंत गेरूच्या रंगाचा. अंगठा आणि बोट जुळलेली, मधे एखादी पातळ वस्तू धरावी तशी. मधे काही नव्हतं. त्या हाताच्या मागे तसाच दुसरा होता, आणि त्याच्या मागे तिसरा.

बॅटरी विझली.

"अच्छा," आतून आलं.

आणि मग, थोडं आणखी आत, कुणीतरी पाठ करत असल्यासारखं हळूच म्हणालं, "चाळीस फूट." तो आवाज चिंतामणीचा स्वतःचा होता.

७

सोमवारी गेलेली माणसं त्याच संध्याकाळी परत आली. बाराच्या बारा, शिवाय बापू आणि हेमचंद्र. चिंतामणी फाटकापाशी उभा राहून एकेकाला मोजत होता. शेवटी बापू उतरला तेव्हा चिंतामणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिथे गुहा नव्हती. जिथे तोंड होतं, तिथे सरळ उभा कडा होता. आणि त्या कड्यावर, उन्हात, हरणं आणि सात माणसांची रांग. मोघे साहेब संतापले. खोटी मापं दिली म्हणून चिंतामणी आणि हेमचंद्र दोघांनाही ड्रॉइंग ऑफिसातून काढून स्टोअरमध्ये बसवलं. अकरा वर्षांचं नाव एका दिवसात गेलं. चिंतामणीला त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्या रात्री तो कित्येक दिवसांनी गाढ झोपला.

बुधवारी डबा खायच्या सुट्टीत हेमचंद्र त्याच्याजवळ येऊन बसला. डबा त्याने उघडलाच नाही.

"चिंतामणराव, एक गोष्ट मी तिथं कोणाला सांगितली नाही. माणसं घाबरली असती."

"काय?"

"मी त्या कड्याला कान लावला."

चिंतामणीचा घास हातातच राहिला.

"आत मोजणी चालू होती. एक आवाज बापूचा, धरलं म्हणणारा. दुसरा तुमचा. तुम्ही आकडा सांगता, तो परत म्हणतो. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा धरलं, आणि आकडा वाढलेला."

"किती झाले होते?"

"मी कान काढला तेव्हा तीनशे बारा."

भोंगा वाजला आणि आसपासची माणसं डबे आवरून उठू लागली. कुंडमच्या त्या डोंगरातली कपार पूर्वेकडे तोंड करून होती. म्हणजे आत जाणारा मावळतीकडे जात होता, आणि मावळतीला तीस मैलांवर हे शहर होतं. तीस मैलांचे फूट किती होतात? चिंतामणीचं डोकं सवयीने हिशेब करू लागलं. त्याने थांबवायचा प्रयत्न केला, पण तोवर उत्तर आलेलं होतं. एक लाख अठ्ठावन्न हजार चारशे.

"काय हो?" हेमचंद्राने विचारलं. "काय मोजून राहिले?"

चिंतामणीने ओठ घट्ट मिटून घेतले, मान हलवली, आणि तो आकडा तोंडातून बाहेर पडू दिला नाही.